थीम पार्कची सहल : पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थीम पार्कचा विषय हमखास असतो. या वेळची पत्रं वाचल्यावर एक गोष्ट दिसली. बहुतेकांचा गोंधळ 'कुठे जावं' याचा नाही. ढीगभर माहिती हाताशी आहे, त्यातली कुठली धरावी याचा आहे. म्हणून उत्तरं देताना कोणती गोष्ट कुठे तपासायची, यावर भर दिला आहे.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासूबाई आणि नऊ व चार वर्षांची दोन मुलं. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी दर वेगळे, वेळा वेगळ्या. खरं कुठलं मानायचं? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : आधी त्या मजकुराची तारीख शोधा. तारीख नसेल तर मजकुरातच खुणा सापडतात. हे पार्क २०१३ मध्ये 'अ‍ॅडलॅब्स इमॅजिका' या नावाने सुरू झालं, आता नावातलं अ‍ॅडलॅब्स गेलं आहे. जो लेख अजून जुन्या नावाने बोलतो, त्यातला दर काही वर्षांपूर्वीचा समजा. 'महाराष्ट्रातली दहा थीम पार्क' छापाच्या यादीत गोराईचं एस्सेलवर्ल्ड चालू म्हणून दाखवलं असेल, तर ती यादी करोनाच्या आधीची आहे किंवा न तपासता उतरवलेली आहे. अशी यादी बंद करा आणि पुढे चला.

मग कोणाला काय विचारायचं ते ठरवा. तिकिटाचा दर आणि उघडण्याच्या वेळा यांसाठी पार्कची स्वतःची वेबसाइटच. तिथेही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला 'पासून पुढे' असा दर बघून हिशोब करू नका. कॅलेंडरमध्ये तुमची तारीख निवडा, माणसं भरा आणि पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. जीएसटी आणि बुकिंगचा आकार तिथे जोडला जातो. शनिवार-रविवारचा आणि सणाचा दर आठवड्याच्या मधल्या दिवसापेक्षा जास्त असतो, तो फरकही तिथेच दिसतो. त्याच पानावर 'तारीख बदलता येईल का, किती दिवस आधी, पैसे परत मिळतात का' हे वाचून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. घरात ऐन वेळी मुलाला ताप आला की या तीन ओळीच कामाला येतात.

थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारी-शेजारी आहेत, पण तिकिटं वेगळी. एका दिवसात दोन्ही उरकू असं म्हणणाऱ्यांचं दोन्हीकडे अर्धवट होतं. दोन दिवसांचं एकत्र तिकीट आणि दोन सुटी तिकिटं यांची बेरीज करून बघा.

कुठल्या राईड देखभालीसाठी बंद आहेत, हे वेबसाइटवर क्वचितच ठळक असतं. त्यासाठी आदल्या दिवशी फोन करा. 'सगळं चालू आहे ना?' असं विचारलं तर 'हो' एवढंच ऐकू येईल. 'उद्या कोणत्या राईड बंद आहेत?' असं विचारा. मुलं ज्या राईडसाठी हटून बसली आहेत तिचं नाव घेऊन विचारा.

गर्दी, स्वच्छता, खाण्याचे दर आणि रांगा यांची माहिती गूगल मॅप्सवरच्या अभिप्रायांतून मिळते. क्रम 'सर्वात नवीन' असा लावा आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचंच वाचा. एका ओळीत पाच तारे देणारे आणि रागाने एक तारा देणारे, दोघांनाही बाजूला ठेवा. तीन तारे देणाऱ्या माणसाने बहुधा काय आवडलं आणि कुठे अडलं, हे दोन्ही लिहिलेलं असतं. व्हिडिओंचा उपयोग एकच, पण मोठा: राईडवर बसून केलेलं चित्रण धाकट्याला दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. अंधाराला घाबरणारं मूल भुताच्या राईडच्या दारात रडायला लागलं, तर तुमचा अर्धा तास आणि दोन मोठ्यांची राईड जाते.

तारखेबद्दल थोडं. पाडवा-भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मधला वार म्हणजे रिकामं पार्क, हेही सरसकट खरं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. मंगळवारी सकाळी वीस बसगाड्या उभ्या असल्या तर रविवार परवडला असं वाटतं. 'त्या दिवशी शाळांचं बुकिंग आहे का?' हा प्रश्नही त्याच फोनवर विचारून घ्या.

प्रश्न : आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. रेल्वेत त्याचं अर्धं तिकीट निघतं, मग पार्कवाले पूर्ण तिकीट का मागतात? (जयसिंगपूर)

उत्तर : रेल्वे आणि एसटी वय बघतात, पार्क उंची बघतं. बेंगळुरूजवळच्या वंडरलात ८५ सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, ८५ ते १४० सेंटिमीटरला मुलाचं तिकीट आणि त्याच्या वर पूर्ण. इतर पार्कांच्या रेषा थोड्या इकडेतिकडे असतात, तत्त्व तेच. अकराव्या वर्षी चार फूट आठ इंच म्हणजे १४२ सेंटिमीटर झाले, की आधार कार्ड दाखवून उपयोग नाही.

कारण साधं आहे. राईडमधला माणूस जागेवर धरून ठेवणारा खांद्यावरचा किंवा मांडीवरचा दांडा विशिष्ट उंचीच्या शरीरासाठी बनवलेला असतो. लहान मूल त्यातून निसटू शकतं. म्हणून प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, आणि मोठ्या रोलर कोस्टरची पट्टी बहुतेक ठिकाणी १४० सेंटिमीटरच्या आसपास येते. तिथला माणूस 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून सोडणार नाही आणि त्याने सोडूही नये.

घरी भिंतीला पाठ, टाचा आणि डोकं टेकवून, पायांत काही न घालता, डोक्यावर सपाट वही ठेवून मापा. दोनदा मापा. मग पार्कच्या वेबसाइटवरचा राईडनिहाय उंचीचा तक्ता उघडून मुलासमोरच खूण करा: या सात मिळणार, या तीन पुढच्या खेपेला. भांडण घरीच मिटतं. मूल १३८ वर असेल आणि त्याला मोठ्या कोस्टरचाच ध्यास असेल, तर सहल पुढच्या मे महिन्यावर ढकलण्यात शहाणपणा आहे.

रेल्वेचा नियमही पूर्ण समजून घ्या. पाचच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बाराच्या आतल्याला बर्थ न घेता अर्धं भाडं पडतं, बर्थ घेतला की पूर्ण. रात्रीच्या गाडीला अकरा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्याला आईच्याच बर्थवर दाटीने झोपावं लागतं.

प्रश्न : खोपोलीला स्वतःची गाडी, एसटी की रेल्वे? खर्चाचा अंदाज द्या. (इचलकरंजी)

उत्तर : कोल्हापूरहून अंतर सुमारे ३२० किलोमीटर. जाऊन-येऊन ६४० आणि तिथली फिराफिर ४० धरली तर ६८० होतात. गाडी लिटरला १५ देत असेल तर ४५ लिटर, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर पावणेपाच हजारांच्या आत-बाहेर. त्यावर टोल.

पुण्यापर्यंत राष्ट्रीय महामार्गावर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार नाके लागतात. खासगी गाडीसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला. सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता, त्यात वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. आजचा दर 'राजमार्गयात्रा' अ‍ॅपवर दिसेल. या महामार्गावर एक नाका ओलांडणं म्हणजे एक फेरी, त्यामुळे पुण्याच्या एका जाण्यायेण्यात आठ संपतात. हा पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, कारण तो रस्ता राज्याचा. 'पास आहे की!' म्हणून फास्टॅगमध्ये शिल्लक न ठेवता गेलेले लोक तिथेच अडकतात. शिल्लक ठेवाच.

घाटातल्या गर्दीचं एक गणित कोल्हापूरकरांच्या बाजूने आहे. शनिवारी सकाळी तुंबतो तो मुंबईहून पुण्याकडे चढणारा रस्ता, आणि रविवारी संध्याकाळी गर्दी असते ती मुंबईकडे परतणाऱ्यांची. आपण दोन्ही वेळा उलट दिशेने चाललेलो असतो. जपायचं एवढंच, की जोडसुट्टीच्या पहिल्या सकाळी आपला परतीचा प्रवास येऊ द्यायचा नाही, नाहीतर बोरघाटात मुंबईकरांच्या मागे उभं राहावं लागतं. जाताना खंबाटकीत बोगदा लागतो, येताना घाट चढावा लागू शकतो. मळमळणारं मूल असेल तर औषधाची वेळ त्या हिशोबाने ठेवा. औषध कोणतं आणि किती, हे मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारून.

पहाटे तीनला निघून दहाला पार्कात आणि रात्री परत, हा बेत करू नका. जाताना सहा-सात तास, दिवसभर उन्हात उभं राहणं आणि परत सहा-सात तास. झोपेची गुंगी येते ती परतीच्या वाटेवर कऱ्हाडच्या आसपास, आणि तेव्हा मागे सगळे झोपलेले असतात. आदल्या दुपारी निघा, खोपोलीत किंवा लोणावळ्यात राहा, पार्क करून दुसरी रात्र तिथेच काढा आणि सकाळी निघा. हॉटेल बघताना नकाशावर पार्कचं फाटक आणि हॉटेल यांमधला वेळ सकाळी नऊ वाजताचा लावून बघा. 'पार्कजवळ' हा शब्द जाहिरातीत फार ताणला जातो.

एसटीचा हिशोब अनेकांच्या लक्षात येत नाही. महिलांना सगळ्या प्रकारच्या बसमध्ये अर्धं भाडं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, त्याखालच्यांना तिकीटच नाही. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. वर बावड्याच्या वाचकांनी लिहिलेल्या कुटुंबाला लावून बघा: नवऱ्याचं एक, बायकोचं अर्धं, सासूबाईंचं अर्धं, नऊ वर्षांच्या मुलाचं अर्धं. पाच माणसं, अडीच तिकिटं. पुण्याहून पुढे मात्र वाहन बदलावं लागतं. द्रुतगती मार्गाने मुंबईला जाणारी प्रत्येक बस खोपोलीत थांबत नाही, हे चढण्याआधी वाहकाला विचारा.

रेल्वेने जाणारे एक चूक हमखास करतात. खोपोली स्टेशन पुणे-मुंबईच्या मुख्य मार्गावर नाही. ती कर्जतहून फुटणारी शाखा आहे, तिथे लोकल जाते. कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने थेट खोपोलीला उतरता येत नाही. सामान आणि मुलं घेऊन लोणावळ्याला उतरून टॅक्सी केलेली बरी, फक्त ती आधी ठरवून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तारखा माहीत असतात, तेव्हा उलटे दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गाचं सकाळी दहाला आणि बाकीचं अकराला. त्यासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम सकाळी पावणेदहाला करायला बसू नका.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर निम्म्या दरात पार्कची तिकिटं मिळतायत. घ्यावीत का? (शाहूपुरी)

उत्तर : नाही. पार्कची तिकिटं स्वतःच्या वेबसाइटवर, अ‍ॅपवर, खिडकीवर किंवा ज्या विक्रेत्याचं नाव पार्क स्वतः सांगतं त्याच्याकडून घ्यावीत. खऱ्या सवलती असतात, पण त्या विद्यार्थी ओळखपत्रावर, ठरावीक बँकेच्या कार्डावर किंवा गटाने येणाऱ्यांना, आणि त्यांची अट लिहिलेली असते. क्यूआर कोडचं चित्र पाठवून 'लगेच पैसे टाका, दोनच उरलेत' म्हणणाऱ्याकडे अटी नसतात. एकच क्यूआर दहा जणांना विकला जातो, जो आधी फाटकावर पोचेल तो आत आणि बाकीचे बाहेर. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जितकं लवकर, तितकी रक्कम खात्यात अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

याच जातीचं दुसरं आमिष म्हणजे मॉलमध्ये भरलेलं कूपन. 'तुम्हाला तीन दिवसांची सहल लागली, फक्त जोडीने हॉटेलात या' असा फोन येतो. तिथे दोन-तीन तास बसवून अनेक वर्षांचं सदस्यत्व गळ्यात मारतात. जायचंच असेल तर कार्ड घरी ठेवून जा. करार हातात मागा आणि तीन गोष्टी शोधा: दरवर्षीचं देखभाल शुल्क किती, दिवाळी आणि मे महिन्यात खोली मिळते का, आणि सही केल्यावर किती दिवसांत रद्द करता येतं. करार घरी नेऊ देत नसतील तर उठून यायला तेवढं कारण पुरेसं आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत म्हणे. आईला आणि मला साडी-पंजाबी ड्रेसची सवय. (राजारामपुरी)

उत्तर : चालत नाहीत, आणि हा नियम भाड्याचे कपडे खपवण्यासाठी काढलेला नाही. सुती कापडाचे धागे सुटून गाळणीत आणि पंपात अडकतात. भिजलेला सुती कपडा जड होतो, घसरगुंडीवर अंगाला चिकटून वेग तोडतो आणि मागून येणारा माणूस येऊन आदळतो. चेन, बटण आणि टिकल्यांनी घसरगुंडीच्या फायबरवर ओरखडे पडतात. ओढणी आणि पदर तर धोक्याचेच.

अंगभर हवं असेल तर नायलॉन किंवा लायक्राचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो. त्याला पायापर्यंतची विजार असते. घरूनच न्या. भाड्याने मिळतो, पण मापाचा मिळेलच असं नाही आणि अनामत रकमेच्या रांगेत वेळ जातो. मंगळसूत्र, कानातले आणि बांगड्या मुक्कामाच्या ठिकाणी काढून ठेवा. चष्म्याला मागून बांधायची दोरी लावा. मे महिन्यात फरशी तापते, म्हणून रबरी चपला न्या. लॉकर एकच घ्या, पण मोठा. चावी मनगटावर बांधायची असते, खिशात नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं आणि औषधं यांना बहुधा मोकळीक असते. भडंग गाडीतच राहू द्या. आणि सकाळी कटाची मिसळ हाणून उलट्यापालट्या राईडवर बसू नका. त्याचा त्रास पुढच्या रांगेतल्यालाही होतो.

प्रश्न : आजीचे गुडघे दुखतात, बहीण गरोदर आहे. त्यांना नेऊ की नको? (कागल)

उत्तर : न्या, पण त्यांचं तिकीट वेगळं विचारून काढा. ६० वर्षांवरच्यांना बऱ्याच पार्कांत सवलत असते. चाकाची खुर्ची मिळते, संख्या कमी असते, म्हणून आल्या-आल्या मागा. गरोदर बाई, पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांना झटके देणाऱ्या सगळ्या राईड वर्ज्य. 'हळू आहे' असं दिसणाऱ्या बोटीच्या राईडलाही शेवटी उतार असतो. त्यांच्यासाठी रंगमंचावरचे कार्यक्रम, परेड आणि सावलीतली जागा. कार्यक्रमांच्या वेळा फाटकावर मिळणाऱ्या नकाशावर असतात. दोघींना सोबत बसवा, आणि 'दर दोन तासांनी इथेच' अशी जागा ठरवा. गोंगाटात फोन ऐकू येत नाही.

प्रश्न : आम्हाला पुणे दूर, बेळगाव जवळ. बेंगळुरूचं वंडरला बरं की खोपोली? (गडहिंग्लज)

उत्तर : तुमच्या बाजूने बेंगळुरूचा विचार जरूर करा. वंडरला २००५ पासून आहे, म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ, आणि तिथे कोरड्या राईड व पाण्याच्या राईड एकाच तिकिटात येतात. त्यामुळे दोन्ही प्रकारचे कपडे एकाच दिवशी लागतात. सकाळी कोरड्या राईड आणि दुपारच्या उन्हात पाणी, हा क्रम ठेवा. उलटा केला तर ओल्या केसांनी रांगेत उभं राहावं लागतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस मिरजेवरून येते, तुम्हाला बेळगावला पकडता येईल. रात्री बसून सकाळी बेंगळुरू. तिथून म्हैसूरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मार्गावर बिडदी स्टेशन आहे, पण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. त्या दिवशी पार्क नको, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जा. नुसत्या पार्कसाठी एवढं जाणं जड वाटलं तर पुढे म्हैसूर जोडा.

प्रश्न : पावसाळ्यात तिकीट स्वस्त असतं. जावं का? (पन्हाळा)

उत्तर : रांगा कमी हे खरं. पण खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, पाऊस कोसळतो. वीज चमकली की उंच उघड्या राईड थांबवतात, आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. हवामान खात्याचा इशारा रायगड जिल्ह्याचा बघा, पुण्याचा नव्हे. घाटाच्या वर आणि खाली दोन वेगळी आभाळं असतात. केशरी किंवा लाल इशारा असेल तर तारीख बदला. तारीख बदलण्याची सोय असलेलंच तिकीट पावसाळ्यात घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे. तिला थीम पार्क दाखवायचंय. (उचगाव)

उत्तर : तिला तिथल्या बहुतेक राईडवर बसता येणार नाही. तुम्ही आळीपाळीने रांगेत आणि ती बाबागाडीत. पाच-सहा वर्षांची होऊ द्या. तोवर कणेरी मठाचं सिद्धगिरी म्युझियम करा. गावगाड्याचे माणसाएवढे पुतळे, बैल, मोट आणि सुताराची पटाशी बघायला त्या वयाचं मूल रमतं, आणि दुपारच्या झोपेला घरी येता येतं.